मनाचा ताण, घरातली भांडणं आणि समुपदेशन : विदर्भातल्या गावांत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही किंवा घरातलं कोणी या घडीला जीव देण्याचा विचार करत असेल, तर खालचं सगळं नंतर वाचा. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि १४४१६ हा नंबर लावा. फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर थेट १०८. बाकीचे प्रश्न निवांत वाचायचे आहेत. सगळे एका दमात वाचायची गरज नाही, आपल्या घरात जे चाललंय तेवढं शोधून वाचलं तरी चालेल.

"डोक्सं फिरलं नाही माहं, मंग डॉक्टरकडे काहून जाऊ?"

समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेकांचं डोकं ठिकाणावरच असतं. झोप उडालेली असते, घरात धुसफूस असते, एकच विचार रात्रभर घाण्याच्या बैलासारखा फिरत असतो. पाठ धरली की आपण दवाखान्यात जातो, कारण पाठीला लाज नसते. मनाच्या दुखण्याला मात्र आपण 'पागलपण' हा एकच शब्द ठेवलाय. नागपुरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक सर्रास 'पागलखाना चौक' म्हणतात. या शब्दाच्या धाकानं माणसं महिनोन्‌महिने घरात कुढत बसतात आणि दवाखान्यात येतात तेव्हा दुखणं जुनं झालेलं असतं. खरं तर त्या मनोरुग्णालयातसुद्धा बाह्यरुग्ण विभाग आहे. तपासून, औषध घेऊन लोक त्याच दिवशीच्या एसटीनं घरी परततात.

साधं टेन्शन कोणतं आणि मदत लागेल असं कोणतं, हे कसं ओळखायचं?

काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला की कोणाच्याही घशाखाली घास उतरत नाही. तो आजार नव्हे. दोन गोष्टी पाहा : किती दिवस चाललंय आणि कामं थांबली का. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास राहत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, भूक गेली असेल, वावरात जाऊन नुसतं धुऱ्यावर बसून राहणं होत असेल, लेकरांवर विनाकारण हात उठत असेल, तर थांबू नका.

गावाकडे मनाचं दुखणं बऱ्याचदा अंगातून बोलतं. डोकं जड, छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, पोटात आग, 'जीव घाबरा होते'. ईसीजी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, तरी त्रास जात नाही आणि तिसऱ्या डॉक्टरनं सलाईन लावलेलं असतं. तपासण्या करूच नका असं आम्ही म्हणत नाही. उलट हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर एकदा पाहून घ्याच, कारण रक्त कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल तरी माणूस असाच गळून जातो. तिन्ही ठीक निघाले आणि त्रास तसाच राहिला, तर चौथी सोनोग्राफी करू नका, मनाच्या डॉक्टरकडे जा.

दवाखान्यात नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं, असा प्रत्येक प्रश्न असतो आणि उत्तराला ० ते ३ गुण असतात. एकूण २७ पैकी १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी करतात. या यादीतला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचाराबद्दल असतो. त्याचं उत्तर 'हो' असेल तर बाकीचे गुण कमी असले तरी लगेच दाखवायचं.

समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ : यांत फरक काय?

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तो चाचण्या आणि बोलण्याचे उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर राग यायचं कारण नाही. समुपदेशक सहसा मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेला असतो. 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावणं फार सोपं आहे आणि थोड्या दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. म्हणून शिक्षण काय, कुठून, किती वर्षं काम केलं, हे पहिल्याच भेटीत विचारा.

गावातली आशाताई आणि उपकेंद्रातली सिस्टर यांना कमी लेखू नका. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्यात गावपातळीवरच्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केलं. उदासीनतेच्या आजारासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आले. मोठा दवाखाना न बांधता इतका फरक पडला. दार ठोठावणारं माणूस ओळखीचं होतं, हे त्याचं मोठं कारण आम्हाला वाटतं.

जवळात जवळ कुठं मिळेल?

आधी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर. राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प खास कास्तकारांच्या समुपदेशनासाठी आहे. ताणाखाली असलेली माणसं आशाताईंनी शोधायची आणि पुढे पाठवायची, ही त्यातली रचना. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा सामान्य रुग्णालयात बसतं आणि बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतं. इथंच लोकांची फेरी वाया जाते : मंगळवारचा बाजार म्हणून मंगळवारी जातात आणि डॉक्टर गुरुवारी येणार असतो. वार आशाताईकडून किंवा १०४ या सरकारी आरोग्य हेल्पलाइनवर विचारून मगच काळी-पिवळीत बसा.

त्यापुढे मेडिकल कॉलेजांचे मानसोपचार विभाग. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी. तिथं गर्दी असते. सकाळी नवाच्या आत नंबर लागेल अशा बेतानं निघा.

मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीकडे गोंडी बोलणाऱ्यांनी मराठी नीट येणारं मोठं माणूस सोबत न्यावं. आपल्याच लेकराला दुभाषा करू नका. आईबापाचं दुःख त्याच्या तोंडून वदवणं त्याच्यासाठी फार जड असतं, आणि आईबापही त्याच्यासमोर अर्धंच सांगतात.

१४४१६ वर फोन केला की नेमकं काय होतं?

ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत. आधी भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडा. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता सांगतो. हा नंबर लागत नसेल तर १८००-८९१-४४१६.

फोन लावण्याआधी दोन गोष्टींची सोय करा. एक म्हणजे जागा. घरात भिंतींना कान असतात, म्हणून वावरात, शाळेच्या मागं, जिथं रेंज आहे आणि अर्धा तास कोणी येणार नाही तिथं जा. दुसरी म्हणजे फोन कोणाचा. घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याकडे किंवा पोराकडे राहत असेल, तर बोलून झाल्यावर नंबर कॉलच्या यादीतून काढून टाका. पहिल्यांदा बोलताना रडू आलं किंवा शब्दच फुटला नाही तरी फोन ठेवू नका. समोरच्याला ते नवीन नसतं.

पहिल्या भेटीत काय विचारतात? सोबत काय न्यायचं?

आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, मेडिकल दुकानातून स्वतः आणलेल्या झोपेच्या गोळीसकट. जुने रिपोर्ट आणि आधार कार्डही असू द्या. शिवाय घरून निघण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहून घ्या : त्रास कधीपासून, तेव्हा घरात काय घडलं होतं, झोप किती, सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते. दवाखान्यात बसलं की निम्मं विसरायला होतं.

समुपदेशकाची भेट साधारण ४५ मिनिटांची ते तासाभराची. सरकारी ओपीडीत डॉक्टरकडे त्याहून बराच कमी वेळ असतो, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगा. घरात कोण कोण, कमाई कशावर, कर्ज किती, खर्रा-दारू किती, घराण्यात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, जीव नकोसा वाटतो का, हे प्रश्न येतातच. ते खोदून काढणं नसतं, त्याशिवाय निदान होत नाही. सोबतच्या नातेवाइकाला थोडा वेळ बाहेर बसवतील. नाही बसवलं तर तुम्ही स्वतः म्हणा, 'मला पाच मिनिटं एकट्यानं बोलायचंय.' तो तुमचा हक्क आहे.

"नुसतं बोलून काय होते जी?"

पारावर बोलून मन हलकं होतं, ते खरंच. पण पारावरचा माणूस लगेच सल्ला देतो, स्वतःची कथा लावतो किंवा 'होईल नीट' म्हणून विषय मिटवतो. समुपदेशक तुमच्या रोजच्या दिवसातला एकेक धागा धरतो. उदाहरण घ्या. बँकेची नोटीस आली, मनात आलं 'आता इज्जत गेली', म्हणून बाजारात जाणं बंद केलं, लोक भेटेनासे झाले, 'सगळ्यांनी टाकलं' असं वाटायला लागलं, झोप गेली. या साखळीत नोटीस खरी आहे, बाकीच्या कड्या मनानं जोडल्यात. समुपदेशक तुम्हाला एक लहान काम देतो : या आठवड्यात दोन दिवस सकाळी दूध घालायला स्वतः जा आणि वाटेत किती जणांनी तोंड फिरवलं ते मोजून ये. हे लहान काम पुढच्या भेटीत तपासलं जातं. ज्यांना फरक पडत नाही त्यांच्यात बरेच जण भेटीला येतात पण मधल्या आठवड्यातलं काम करत नाहीत.

समुपदेशक तुमच्या वतीनं निर्णय घेत नाही. सोडचिठ्ठी घ्यावी का, शेत विकावं का, हे तो सांगणार नाही. पहिल्या-दुसऱ्या भेटीत याचा राग येतो, ते स्वाभाविक आहे.

गावात कळलं तर?

ही भीती खरी आहे, ती उगाच म्हणून झटकण्यासारखी नाही. गावात लग्न जमताना 'त्यांच्या घरी डोक्याचं आहे' हे वाक्य पुरतं. म्हणून कायदा आणि युक्ती, दोन्ही सांगतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार तुमच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. पोलीस पाटील, सरपंच, मालक, सासरचे, कोणालाही ती सहज मिळत नाही. अपवाद मोजके : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि १८ वर्षांखालच्या लेकराचं लैंगिक शोषण. शोषणाची गोष्ट पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावीच लागते. चांगला समुपदेशक हे अपवाद सुरुवातीलाच सांगतो.

युक्ती अशी : आपल्या तालुक्याऐवजी शेजारच्या तालुक्यात जा. बाजाराच्या किंवा बँकेच्या कामाला जोडून जा. आशाताई तुमच्या भावकीतली असेल आणि भरवसा नसेल, तर तिला टाळून थेट आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला गाठा. आणि गावातल्या एका, फक्त एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा. सगळं लपवायचं म्हटलं की उपचार मध्येच सुटतो, कारण दर पंधरा दिवसांनी नवी थाप सुचत नाही.

किती भेटी आणि किती पैसे?

घरगुती ताणाला साधारण सहा ते बारा भेटी, आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजांना हा निर्णय लागू नाही, तिथं थोडं शुल्क भरावं लागतं. खासगी ठिकाणी पैसे आधी विचारा, 'पूर्ण पॅकेज आगाऊ भरा' म्हणणाऱ्याकडे भरू नका.

"कर्ज तं फिटत नाही बोलून, मंग काय फायदा?"

नाही फिटत, खरंय. समुपदेशनानं कापसाचा भाव वाढत नाही आणि जो तसं भासवतो तो फसवतो. पण कर्जाखाली दबलेला माणूस हिशेब करणं सोडून देतो, हे आम्ही सारखं पाहतो. पाकिटं न उघडता फळीवर ठेवलेली असतात, आणि खरा आकडा मनातल्या आकड्याहून कमी असला तरी कळत नाही.

म्हणून पहिली पायरी कागद. चार रकाने आखा : कोणाचं, मुद्दल किती, व्याज किती, चुकलं तर काय होईल. बँकेचं पीक कर्ज, सोसायटी, बायकोच्या गटाचं, फायनान्सवाल्याचं, सावकाराचं, कृषी केंद्राची उधारी, सगळं लिहा. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसासमोर लिहा, कारण लपवलेलं कर्जच रात्री छातीवर बसतं. मग एकेकाचा वेगळा मार्ग निघतो. बँकेत पुनर्गठनाचा अर्ज करता येतो. सावकाराकडे परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ खाली उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते. मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

आणखी एक. नवऱ्याच्या कर्जाची चर्चा होते, बायकोच्या गटाच्या हप्त्याची होत नाही. दर आठवड्याला हप्त्याचा दिवस आला की पोटात गोळा येणाऱ्या बाया गावोगाव आहेत. हे प्रश्न त्यांच्यासाठीही आहेत.

नवरा-बायकोचं पटत नाही. गावात बैठक झाली, तरी पुन्हा तेच. समुपदेशनात वेगळं काय?

बैठकीत दोन्हीकडची दहा-दहा माणसं असतात आणि चूक कोणाची ते ठरवायचं असतं. ज्याची चूक ठरते तो मान खाली घालून घरी जातो आणि पंधरा दिवसांनी त्याचा वचपा निघतो. समुपदेशनात चूक ठरवायची नसते. भांडण कुठल्या वळणावर पेटतं ते शोधायचं असतं.

आधी दोघांशी वेगवेगळं बोलतात, मग एकत्र. एकत्र भेटीत एक साधा नियम असतो : एकानं दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, मग ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. ऐकलेलं सांगतानाच लक्षात येतं की ती 'माहेरी जाऊ देत नाही' म्हणत होती आणि त्यानं 'तुझ्या घरचे वाईट' असं ऐकलं होतं. घरीही हे करता येतं, मात्र वेळ निवडा. वावरातून थकून आल्या आल्या, उपाशीपोटी किंवा पिलेल्या माणसाशी कुठलाही महत्त्वाचा विषय काढू नका.

एकजण यायला तयार नसेल तर दुसऱ्यानं एकट्यानं यावं. एकाची बोलायची रीत बदलली की भांडणाची चाल मोडते. नाही मोडली तरी पुढचा निर्णय शांत डोक्यानं घेता येतो.

मूल होत नाही म्हणून कुरकुर असेल तर आधी दोघांच्या तपासण्या. पुरुषाची तपासणी सोपी आणि स्वस्त असते, तरी तिची वर्षानुवर्षं होत राहते आणि त्याची एकदाही नाही, हे फार दिसतं.

मारहाण होत असेल तर?

मग एकत्र समुपदेशनाला बसू नका. नवऱ्यासमोर खरं बोलता येत नाही, आणि बोललं तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. आधी सुरक्षितता. १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस आणि वकील एका जागी मिळतात. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, त्यासाठी घर सोडावंच लागतं असं नाही. पोलिसांच्या भरोसा सेलमध्येही समुपदेशक असतात. तिथं 'तडजोड करून घ्या' असा रेटा आला, तर तुम्ही नाही म्हणू शकता.

एक पिशवी तयार ठेवा : आधार, बँकेचं पासबुक, लेकरांचे दाखले, थोडे पैसे. ती शेजारणीकडे ठेवली तर उत्तम.

सासू-सून, वाटणी, म्हाताऱ्यांची हेळसांड?

वाटणीचा वाद समुपदेशनानं सुटत नाही, त्याला सातबारा आणि वकील लागतो. समुपदेशनानं एवढं होतं की वाटणी झाल्यावर भाऊ एकमेकांच्या दारात उभे राहू शकतात. सासू-सुनेत मधला माणूस, म्हणजे मुलगा, गप्प बसतो तिथं आग जास्त असते, म्हणून भेटीला त्यालाही बोलावतात. म्हातारी माणसं अचानक संशयी झाली, पैसे चोरले म्हणू लागली, वेळकाळ विसरू लागली, तर ते 'म्हातारचळ' म्हणून सोडू नका. तो मेंदूचा आजार असू शकतो आणि सुनेशी भांडण हे त्याचं पहिलं लक्षण असतं, असं बऱ्याचदा निघतं.

पोराचं लग्न जमत नाही, तो कोणाशी बोलत नाही.

शेती करणाऱ्या पस्तिशीतल्या मुलांच्या घरोघरी हे आहे. 'नोकरीवाला पाहिजे' हे वाक्य तो दहा ठिकाणी ऐकून आलेला असतो आणि प्रत्येक वेळी आपणच नापास झालो असं त्याला वाटतं. त्याच्यासमोर रोज स्थळांचा विषय काढू नका, पाहुण्यांसमोर तर नकोच. तो पानठेल्यावर बसणं बंद करून खोलीत राहू लागला, दारू वाढली, अंगावरचे कपडे बदलेनासा झाला, तर वर दिलेली दोन आठवड्यांची कसोटी लावा.

दारू कशी सोडवायची?

दारूबंदी असलेल्या वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतही मोहाची मिळते, तेव्हा बंदीवर विसंबू नका.

दोन चुका जिवावर बेततात. पहिली : रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करणं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळू लागतो, नसलेली माणसं दिसतात. लोक म्हणतात बाहेरचं लागलं. ते दारू तुटल्याचं लक्षण असतं आणि त्यात मृत्यू होऊ शकतो. म्हणून रोज पिणाऱ्याची दारू दवाखान्यात, औषधाखाली सोडवायची.

दुसरी चूक : चहात किंवा भाजीत गुपचूप दारू सोडवणारी गोळी किंवा चूर्ण टाकणं. त्यात असलेल्या औषधावर दारू पोटात गेली की छाती भरते, रक्तदाब पडतो, हृदयावर ताण येतो. त्याला माहीत नसल्यानं तो पितोच.

बोलायची वेळ सकाळची, तो शुद्धीत असताना. 'तू बेवडा आहेस' याऐवजी 'परवा बैल विकायच्या पैशातले तीन हजार गेले, मला भीती वाटते' असं घडलेलं सांगा. दारू सोडल्यावर पुन्हा प्यायला तर सगळं वाया गेलं असं नसतं, कशामुळे प्यायला ते शोधून पुन्हा सुरू करायचं. पोळा, लग्नसराई आणि चुकाऱ्याचा दिवस, या तीन वेळा आधीच सावध राहा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका मोफत असतात, आणि पिणाऱ्याच्या घरच्यांनी स्वतःसाठीही मदत घ्यावी.

बाहेरचं झालंय म्हणतात. भगताकडे न्यावं का?

देवाला जाणं, नवस, पूजा यांनी धीर येत असेल तर त्याला कोणी हरकत घेणार नाही. डॉक्टरची गोळी चालू ठेवून जा, एवढंच. पण बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, उपाशी ठेवणं हे झालं की तो गुन्हा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे, आणि २०१७ च्या कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे. कानात आवाज येणं, कोणी मारायला टपलंय असं वाटणं, रात्र-रात्र भटकणं या आजारांवर औषध आहे. जितके महिने भगताकडे जातात, तितकं औषधाला जास्त झगडावं लागतं.

गोळ्यांची सवय लागते का?

उदासीनतेच्या गोळ्यांची नशा किंवा सवय लागत नाही. मात्र त्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत. दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो. लोक नेमकं तेव्हाच सोडतात. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर म्हणेल तितके महिने, बहुधा सहा किंवा जास्त, घ्यायच्या आणि बंद करताना हळूहळू कमी करायच्या. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळीची मात्र सवय लागते. ती अनेक महिने चालू असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरला सांगा.

घरातलं कोणी 'आता जगून काय करू' म्हणत असेल तर?

सरळ विचारा : 'जीव द्यायचं मनात येते का?' विचारल्यानं विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. 'कसं, कधी, काही ठरवलंय का' हेही विचारा. ठरवलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

मग फवारणीची औषधं घराबाहेर काढा. खाटेखाली, माळ्यावर, गोठ्यात ठेवलेले अर्धे डबे गोळा करा, कुलपाच्या पेटीत घाला आणि किल्ली दुसऱ्या घरी द्या. मरणाचा आवेग बऱ्याचदा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो. तेवढ्यात हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे आयुष्य नीट जगतात.

औषध पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा, डबा किंवा लेबल सोबत घ्या आणि निघा. पोलिसांच्या भीतीनं उशीर करू नका. दवाखाना पोलिसांना कळवेल, जबाब होईल. पण २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं मानतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता आणि त्याला शिक्षा करायची नाही. दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जपण्याचे. तेव्हा टोमणे नकोत, एकटेपणा नको, आणि पुढची तारीख चुकवू नका.

समुपदेशक बरोबर नाही हे कसं ओळखायचं?

तो तुमच्या जातीवर, वागण्यावर शेरे मारत असेल, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी नावानिशी सांगत असेल, अंगाला हात लावत असेल, चालू गोळ्या बंद करा म्हणत असेल किंवा अंगठी-खडा विकत असेल, तर उठून या. नुसतं पटत नसेल तर तीन भेटी द्या, तसं त्याला सांगा आणि मगच बदला. डॉक्टर बदलला म्हणून कोणी दूषण देत नाही.

ज्याला गरज आहे तोच यायला तयार नाही. काय करायचं?

'तुला डोक्याच्या डॉक्टरकडे नेतो' म्हणू नका. जो त्रास तो स्वतः कबूल करतो तो धरा : झोप नाही, डोकं दुखतं, भूक नाही. त्यासाठी आरोग्य केंद्रात न्या आणि डॉक्टरला आधी फोनवर सगळं सांगून ठेवा. फसवून, दारू पाजून किंवा हातपाय बांधून नेलं तर तो पुढच्या वेळी जवळही येत नाही. ज्याचं तो ऐकतो असा माणूस शोधा, मामा असेल, जुना मास्तर असेल, भजनी मंडळातला दोस्त असेल. 'एकदा चल, नाही पटलं तर पुन्हा म्हणणार नाही' असं म्हणा आणि तो शब्द पाळा. तेवढ्यानंही नाही आला तर तुम्ही स्वतः एकटे जा. त्याच्याशी कसं बोलायचं, काय टाळायचं, धोका कधी समजायचा, हे समुपदेशक तुम्हालाही शिकवतो, आणि रुग्ण न येता नातेवाइकाच्या नावानं केसपेपर काढता येतो.